केळापूरला न पोचलेलं पुस्तक

पुस्तक एकच होतं आणि आम्ही पाच जण होतो. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. युरोपचा इतिहास, इंग्रजीत, पाचशेच्या वर पानं, मुंगीएवढी अक्षरं आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्याची दुसरी प्रत नव्हती. तिथंच नव्हती म्हटल्यावर जिल्ह्यात असायचा प्रश्नच नव्हता.

साल नक्की सांगत नाही, पण महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. इतिहासाचे आमचे प्राध्यापक नागपूरचे. एकटेच राहायचे, दोन वेळा खानावळीत जेवायचे आणि उरलेला सगळा वेळ युरोपात असायचे. बी.ए.ला युरोपच्या इतिहासाचा विशेष वर्ग त्यांनी प्राचार्यांशी भांडून मिळवला होता. प्राचार्यांनी एक अट घातली, चारच विद्यार्थी. सरांकडे आम्ही पाच जण गेलो. सर म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत हे पुस्तक वाचा, जूनमध्ये मी तुम्हाला नागपूरच्या संग्रहालयात नेतो, तिथं वस्तूंसमोर उभं करून विचारतो, आणि मग चार कोण ते ठरवतो.

विशेष वर्ग मिळाला नाही तर माझं शिक्षण तिथंच संपत होतं. आमचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, फुलसावंगीजवळचा. तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मी कसाबसा पास झालो तेव्हा नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, बापूला, म्हणजे माझ्या वडिलांना, चारचौघांत सांगितलं होतं की पोराला सरांनी मोठ्या वर्गात घेतलं तर शिकव, नाहीतर औताला जुंप. बापूनं मान डोलावली होती. मला औताचं वावडं नव्हतं. पण दोन वर्षं इंग्रजीशी झटापट करून पुन्हा बैलांच्या मागं चालायचं, आणि सगळ्या तांड्यानं ते बघत बसायचं, हे मला नको होतं.

पाचवा जो होता तो माझ्याच खोलीतला. वसतिगृहात दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तो केळापूरजवळच्या एका पोडावरचा कोलाम आदिवासी. पोड म्हणजे त्यांची वस्ती. त्याच्या पोडावरूनही कॉलेजात आलेला तो पहिलाच. आम्ही दोघं एकमेकांच्या भाषेला हसायचो आणि दोघांच्याही वऱ्हाडीला वर्गातली बाकीची पोरं हसायची. त्याला पांढरकवड्याकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळत होती. जूनपर्यंत थांबतो असं त्यानं त्यांना सांगून ठेवलं होतं. "सरानं घेतलं तं शिकतो, नाही तं मास्तर होतो," असं तो म्हणायचा. हे म्हणताना तो हसायचा, पण मास्तर होण्याचं त्याच्या अजिबात मनात नव्हतं, हे मला माहीत होतं.

सरांनी पुस्तकाच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी डकवली. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पोचल्याची तारीख आणि पुढं पाठवल्याची तारीख. प्रत्येकाला दहा दिवस. पाठवायची तारीख ठरलेली, ती हलणार नाही. पुस्तक उशिरा मिळालं तर ते ज्याचं त्याचं नशीब. पुस्तक खाकी कागदात गुंडाळून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. त्या काळी आमच्याकडं औषधं, लग्नाच्या पत्रिका, डबे, सगळंच कंडक्टरच्या हाती जायचं, आणि पोचायचंही. माझा नंबर चौथा होता, त्याचा पाचवा.

ठरल्या दिवशी मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. पुसदकडून अकराच्या सुमारास एक बस यायची. वैशाखातलं ऊन, सावलीला एक बाभूळ, तीही निम्मी वाळलेली. बस आली, कंडक्टरनं हात हलवला, काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या आधीच्याच्या घरी लग्न होतं, हे मला मागाहून कळलं. तोवर त्या पोराला मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. माझी याडी, म्हणजे आई, रोज विचारायची की असं कोण येणार आहे पाहुणा. पाचव्या दिवशी पुस्तक आलं. माझ्या दहा दिवसांतले सहा उरले होते.

त्या सहा दिवसांत मी माणसात नव्हतो. पहाटे उठून घराच्या पडवीत बसायचो ते अंधार पडेपर्यंत. एका बाजूला डिक्शनरी, दुसऱ्या बाजूला पुस्तक. एका पानाला अर्धा तास लागायचा. कधी तासभर. पॅरिसमधले लोक भाकरीसाठी राजवाड्यावर चालून गेले, हे मला लगेच समजलं. पण त्यानंतर पाच-पाच वर्षांत पाच-पाच राज्यघटना, तह, करार, काँग्रेस, आणि सगळी नावं तोंडात न बसणारी. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. एकदा तर मी रडलो, पोरासारखा. याडीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी बापू शेजारी येऊन बसला. काय वाचतोस ते सांग म्हणाला. मला खरं तर बोलायला वेळ नव्हता, पण डोकंही चालत नव्हतं. मी सांगितलं की फ्रान्सचा बादशहा लाखो शिपाई घेऊन रशियावर चालून गेला, राजधानीपर्यंत पोचला आणि परत येता येता सगळी फौज मेली. घरात आम्ही गोरबोली बोलायचो. इथं समजावं म्हणून वऱ्हाडीत लिहितो.

बापूनं विचारलं, "जनावरं किती होती?"

मी म्हटलं, तसं काही पुस्तकात नीट दिलेलं नाही, घोडे फार होते.

"मंग चारा कोठून आनला? रोज एवढ्या जनावराले पानी कोठून पाजलं? ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं वापस आले का?"

त्याच वाटेनं आले, मी म्हटलं.

"तं मेलेच असतीन," बापू म्हणाला आणि उठला. जाताना त्यानं आपल्या आजाची गोष्ट सांगितली. आजा लदेणीवर असायचा. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर माल नेणं. लढाईवर निघालेल्या फौजेला धान्य आमचेच तांडे पुरवायचे. आणि गेलेल्या वाटेनं तांडा कधी परत यायचा नाही, कारण त्या वाटेवरचं गवत त्यानंच खाऊन संपवलेलं असायचं. हे सगळं बापूनं पायात वहाणा सरकवता सरकवता सांगितलं. मला आपला वेळ गेल्याचं वाईट वाटलं. मी परत पुस्तकात डोकं खुपसलं.

सहा दिवस संपले तेव्हा मी पंच्याण्णवाव्या पानावर होतो.

ठरल्या दिवशी मी पुस्तक खाकी कागदात गुंडाळलं. दोरी बांधली. वर त्याचं नाव आणि गाव लिहिलं. फाट्यावर गेलो. बस आली. कंडक्टर ओळखीचा झाला होता, त्यानं खिडकीतून हात पुढं केला. मी म्हटलं, आज नाही, उद्या. बस गेली. मी बाभळीखाली बसून कागद सोडला आणि तिथंच वाचायला लागलो. एकच दिवस, असं स्वतःला सांगितलं. एका दिवसानं त्याचं काय बिघडणार आहे.

दुसऱ्या दिवशीही मी फाट्यावर गेलो आणि तसाच परत आलो. तिसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. अकराला बसचा भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा. तो वाजला की मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचो, आणि बस गेली की बरं वाटायचं.

खोटं कशाला लिहू. नुसतं वाचून झालं नव्हतं म्हणून मी पुस्तक ठेवलं नाही. चार जागा होत्या आणि आम्ही पाच होतो. पहिले तिघं शहरातले, वकील-डॉक्टरांच्या घरचे, इंग्रजी शाळेतून आलेले. ते मिळवणारच होते. उरलेली एक जागा माझी, नाहीतर त्याची. त्याला पुस्तक मिळालंच नाही तर प्रश्नच मिटला. हा विचार माझ्या डोक्यात कधी शिरला ते सांगता येत नाही, पण शिरल्यावर तो निघाला नाही. मी त्याला हाकलायचा प्रयत्न केला असंही म्हणणार नाही.

बापूच्या लक्षात आलं. त्याला वाचता यायचं नाही, पण दुसऱ्याची वस्तू घरात किती दिवस आहे हे त्याला कळायचं. त्यानं विचारलं की हे पुढं कुणाला द्यायचं होतं ना. आमच्यात दुसऱ्याचा माल म्हणजे देवाघरचा. लदेणीत गोणी कुणाची, आत काय, हे कोणी सोडून बघायचं नाही आणि ठरलेल्या ठिकाणी एक दिवसही उशिरा पोचवायची नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी त्याला सांगितलं की पुढच्यानं ते पुस्तक आधीच वाचलंय, त्याला नको आहे. बापूनं ते मानलं. इंग्रजी वाचणारा पोरगा खोटं बोलत असेल असं त्याला वाटलं नाही. मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही, एवढंच.

आणि इतकं करून वाचन काय झालं? फार काही नाही. पुस्तक उघडलं की आधी ती चिठ्ठी दिसायची, तिच्यातली माझी अर्धी भरलेली ओळ आणि खाली त्याची रिकामी ओळ. एक पान वाचायचो आणि मनात यायचं की या वेळेला तो पांढरकवड्याच्या स्टँडवर उभा असेल. पोडावरून तिथवर चालत यायला त्याला दीड तास लागायचा. मग तेच पान पुन्हा वाचायचो. कधी मनात यायचं की आत्ता तरी पाठवावं, त्याला चार दिवस तरी मिळतील. मग वाटायचं की आता पाठवलं तर उशीर का झाला ते सांगावं लागेल. असे दहा दिवस गेले. उष्म्यानं अंगावर घामोळं उठलं होतं आणि झोप लागत नव्हती. मी स्वतःचाच इतका राग राग करत होतो की त्याचा राग करायला लागलो. तो कशाला आला सरांकडं, मास्तरकी होती ना त्याला.

सगळ्यांची मुदत संपल्यावर मी चिठ्ठीवर माझ्या ओळीत पाठवल्याची तारीख घातली. जी असायला हवी होती तीच. पेन सरळ चाललं. हेच मला आजही खुपतं.

जूनमध्ये नागपूरला गेलो. आम्ही चौघे सरांबरोबर यवतमाळहून आलो, तो परस्पर पांढरकवड्याहून. संग्रहालयाच्या दारात तो आधीच येऊन उभा होता. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस. मला बघून हसला. मी सरांच्या हातात पुस्तक ठेवलं. सरांनी चिठ्ठी पाहिली, त्याची ओळ कोरी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाटभर घोकलेलं बोललो. वेळेवर पाठवलं होतं, पण पांढरकवड्याच्या स्टँडवर घ्यायला कोणी आलं नाही म्हणून कंडक्टरनं परत आणून दिलं, आणि मग मुदतच संपली.

सर त्याच्याकडे वळले. "तुम्ही गेला नव्हता घ्यायला?"

"गेलतो सर," तो म्हणाला. "रोज जात होतो."

पुढं तो काहीच बोलला नाही. मला वाटलं आता बोलेल. सर म्हणाले की बिचाऱ्या कंडक्टरांचाही घोटाळा होतो, आपलीच व्यवस्था कच्ची होती. पुस्तक त्यांनी परत माझ्याकडेच सांभाळायला दिलं, कारण त्यांच्या हातात छत्री आणि टिपणं होती.

आत दगडी मूर्तींच्या दालनात खेड्यातून आलेल्या बाया मूर्तींना हात जोडत होत्या आणि पहारेकरी त्यांना दगडाला शिवू नका म्हणून सांगत होता. आम्ही पुढं गेलो. सरांना हवं होतं ते शेवटच्या खोलीत होतं. एका कपाटात विलायती पिस्तुलं, निळ्या चित्रांच्या बशा, पितळेची दुर्बीण. आणि भिंतीजवळ लाकडी चाकांवर एक तोफ. सरांचा चेहरा एकदम उजळला. ते म्हणाले, युरोप नुसता वाचून कळत नाही, तो हाताला लागला पाहिजे. शहरातल्या तिघांना त्यांनी बशा, पिस्तूल, दुर्बीण यांवरून विचारलं. तिघांनीही छान सांगितलं. दुर्बिणीवरून एकजण तर समुद्रावरच्या लढायांवर असा बोलला की सरांनी त्याची पाठ थोपटली.

मग ते माझ्याकडे आले. तोफेवर हात ठेवून त्यांनी विचारलं की फ्रान्सच्या बादशहाकडं अशा शेकडो तोफा होत्या, युरोपात त्याच्यापुढं कोणी टिकत नव्हतं, तरी रशियात त्याचं काय झालं.

मला पुस्तकातलं एक वाक्य आठवलं नाही. सोळा दिवस घरात ठेवलेल्या त्या पुस्तकातलं एकही नाही. समोर फक्त तोफेचं चाक होतं. मी म्हटलं, सर, ही तोफ ओढायला जनावरं लागतात. जनावरांना रोज चारा आणि पाणी लागतं. जाताना फौजेनं वाटेवरचं सगळं खाल्लं आणि येताना त्याच वाटेनं आली. मग जनावरं मेली, तोफा जागच्या जागी राहिल्या, आणि मग माणसं मेली. आमच्याकडं तांडा गेल्या वाटेनं परत येत नाही, असंही मी सांगितलं.

सरांनी तोफेवरचा हात काढला. मग म्हणाले की हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत. मी म्हटलं, ह्याच पुस्तकात. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी जागा पक्की झाली, हे त्या हातावरूनच कळलं. बापूचं ते बोलणं पहिल्या सहा दिवसांतलं होतं. नंतरचे दहा दिवस मी पुस्तक अडवून धरलं नसतं तरी मी हेच उत्तर दिलं असतं. हे माझ्या तिथंच लक्षात आलं, तोफेसमोर.

त्याला सरांनी विचारलं नाही. न वाचलेल्या माणसाला काय विचारायचं, असं ते हळूच म्हणाले, आणि पुढच्या वर्षी नक्की या म्हणाले. तो म्हणाला, पुढच्या वर्षी जमायचं नाही सर, मास्तरकीवर हजर व्हायचं आहे. सरांना खरंच वाईट वाटलं. त्या वेळी मी बोलायला तोंड उघडलं होतं. सर माझ्याकडे वळले. मी विचारलं, सर, इथं प्यायचं पाणी कुठं मिळेल.

दुपारी एस.टी. स्टँडवर आलो. सरांना नागपुरात थांबायचं होतं, तिघे त्यांच्याबरोबर राहिले. यवतमाळची बस संध्याकाळची होती, त्याची दोन तासांत. बाकावर आम्ही दोघेच होतो. मी त्याला केळी घेऊन दिली, त्यानं घेतली. इकडचं तिकडचं बोललो. मग तो म्हणाला, पुस्तक दाखव जरा.

मी पिशवीतून काढून दिलं. त्यानं हात धोतराला पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. डिक्शनरी नाही, काही नाही. ओठ हलायचे, बोट ओळीवरून सरकायचं, आणि पान उलटायचं. आजूबाजूला हमाल ओरडत होते, बसचा धूर येत होता, एक बाई तिच्या पोराला बडवत होती. तो मान वर करत नव्हता. मी पानं मोजत होतो. दोन तासांत त्यानं एकतीस पानं वाचली. मला त्याच एकतीस पानांना दोन दिवस लागले होते.

पांढरकवड्याची बस लागली तेव्हा तो उठला. पुस्तक मिटायच्या आधी त्यानं शेवटचं पान उघडून पाहिलं, मग मिटून माझ्या हातात दिलं.

"शेवटी काय होते यात?" त्यानं विचारलं.

मी सांगू शकलो असतो काहीतरी. पण दिवसभरात इतकं खोटं बोललो होतो की आणखी एक सुचेना. मी म्हटलं, "शेवटपर्यंत पोचलोच नाही मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

"तं मंग ठेवून कायले घेतलं?" तो म्हणाला.

त्याला ठाऊक होतं. अकरा दिवस स्टँडवर उभं राहून, आमच्याकडून येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला विचारून, त्याला सगळं ठाऊक झालं होतं, आणि सरांसमोर तो गप्प राहिला होता. कंडक्टरनं घंटी मारली. तो पायरीवर चढून मागं वळला आणि थांबला. मी उत्तर देईन असं त्याला वाटत होतं.